संशयकल्लोळ: तसबीर एक, नाटकं दोन

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आमच्या हौशी मंडळींना 'संगीत संशयकल्लोळ' दोन-सव्वादोन तासांत बसवायचं आहे, हे नाटक मुळात कुठलं, इतकी वर्षं टिकलं कशामुळं, आणि कात्री लावायचीच तर कुठं लावायची? शेवटचा प्रश्न जरा संकोचून विचारलाय असं वाटलं. संकोचू नका. या नाटकाला कात्री लावणारे तुम्ही काही पहिले नाही, मीही त्यातलाच. तरुणपणी यात भादव्या हा नोकर केला, केस पिकायला लागल्यावर फाल्गुनराव हा संशयी नवरा केला, आणि मधल्या काळात तीन वेगवेगळ्या संचांच्या तालमी घेतल्या. त्यातली एक खेप साफ फसली. तिच्याविषयी पुढं सांगतो, कारण जमलेल्या दोन खेपांनी शिकवलं नाही ते तिनं शिकवलं.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुमच्या हातात जी संहिता आहे त्यात एक नाही, दोन नाटकं आहेत. पहिलं 1893 सालचं गद्य नाटक, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. दुसरं 1916 सालचं 'संगीत संशयकल्लोळ'. दोन्ही गोविंद बल्लाळ देवलांचीच. पण पहिलं म्हणजे किल्ली दिलेलं घड्याळ आहे आणि दुसरं म्हणजे रात्रभराची मैफल. पहिल्याला पळायचं असतं, दुसऱ्याला रेंगाळायचं असतं. नाटक बसवताना होणारी सगळी ओढाताण इथून सुरू होते, आणि नाटकाची सगळी गोडीही.

आता मूळ कुठलं ते. धागा फ्रान्सचा आहे. मोलियेरनं मे 1660 मध्ये पॅरिसला 'स्गानारेल' नावाचं एक अंकी, पद्यातलं प्रहसन रंगभूमीवर आणलं. उपशीर्षकाचा अर्थ साधारण 'बायकोनं फसवलंय असं समजून बसलेला नवरा'. मोलियेर स्वतः स्गानारेल करायचा. हे नाटक त्याच्या हयातीत त्याच्या कुठल्याही नाटकापेक्षा जास्त वेळा झालं म्हणतात. एका गृहस्थानं ते पुन्हा पुन्हा पाहून पाठ केलं आणि मोलियेरला न विचारता छापूनही टाकलं! म्हणजे या कथानकाच्या नशिबी पहिल्या वर्षापासूनच दुसऱ्याच्या हाती पडणं लिहिलेलं होतं, तसबिरीसारखंच.

शंभर वर्षांनी, 1761 साली, आर्थर मर्फी या आयरिश नाटककारानं लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरसाठी यावरून 'ऑल इन द राँग' लिहिलं. नावातच सगळं आलं: चूक सगळ्यांचीच. मोलियेरच्या छोट्या प्रहसनाला मर्फीनं पाच अंकांचा पसारा दिला. आणि महत्त्वाचं म्हणजे बायकोचा संशय नवऱ्याच्या संशयाच्या बरोबरीला आणून ठेवला. सर जॉन रेस्टलेस आणि लेडी रेस्टलेस, दोघंही एकाच मापाचे संशयी. देवलांनी हात घातला तो या इंग्रजी नाटकाला. म्हणून 'संशयकल्लोळ म्हणजे मोलियेरचं रूपांतर' असं कुणी ठोकून दिलं तर ते अर्धंच खरं धरा. आजोबा फ्रेंच, वडील इंग्रज, जन्म मात्र मराठी घरातला.

देवल हरिपूरचे. सांगलीजवळचं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. जन्म 1855 चा. बेळगावात ते अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी होते आणि नाटकाचे धडेही त्यांनी तिथंच गिरवले. पुढं कंपन्यांमध्ये नटांना शिकवण्यात त्यांचा एवढा दबदबा झाला की नाटकवाले त्यांना 'देवल मास्तर'च म्हणत. हे मी मुद्दाम सांगतोय. टेबलाशी बसून लिहिणाऱ्या लेखकाचं नाटक आणि तालीम घेणाऱ्या मास्तराचं नाटक यात फरक असतो. देवलांचं वाक्य नटाच्या तोंडात बसतं. श्वास कुठं घ्यायचा ते वाक्यच सांगतं. माझ्याकडच्या मुलांना जुनी मराठी झेपत नाही अशी तक्रार नेहमीची. शंभरातल्या नव्वद वेळा अडचण भाषेची नसते. वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलेलंच नसतं.

देवलांच्या नाटकांपैकी स्वतंत्र म्हणावं असं एकच, 1899 चं 'संगीत शारदा'. बाकी सगळी संस्कृत किंवा इंग्रजीवरून घेतलेली. पण यादीत एक जोडी अशी आहे की तिच्याकडं फारसं कुणी पाहत नाही. 1890 साली 'झुंझारराव', म्हणजे शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो'. आणि तीन वर्षांनी 'फाल्गुनराव'. बायकोवर संशय घेणारा नवरा, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी एक क्षुल्लक वस्तू. तिकडं रुमाल, इकडं तसबीर. एकाच माणसानं तीन वर्षांच्या आत एकाच दुखण्याची शोकांतिकाही लिहिली आणि हसरी गोष्टही. फरक कुठं पडला? रुमाल मुद्दाम ठेवणारा एक दुष्ट माणूस 'ऑथेल्लो'त आहे. 'फाल्गुनरावा'त खलनायकच नाही. वस्तू आपोआप पडते, आपोआप सापडते, आणि बाकीचं काम माणसांचं डोकं करतं.

हेच या नाटकाचं यंत्र. ते नीट समजून घ्या, कारण कात्री लावताना यातलं एक जरी चाक निघालं तरी घड्याळ बंद पडतं.

रेवतीला वाटेत भोवळ येते. फाल्गुनराव तिथं असतो, तो तिला सावरतो. त्याची बायको कृत्तिका हे खिडकीतून पाहते. तिनं पाहिलं ते खरंच आहे: नवऱ्याच्या आधारानं उभी असलेली एक सुंदर तरुणी. ती तरातरा खाली येते तोवर माणसं पांगलेली. हाती लागते ती रेवतीच्या हातून पडलेली, तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर. ती न्याहाळत असताना फाल्गुनराव येतो. त्यानं पाहिलं तेही खरंच आहे: बायको एका देखण्या तरुणाच्या तसबिरीकडं टक लावून बघतेय. तसबीर तो हस्तगत करतो. पुढं अश्विनशेटला आपली तसबीर या परक्या गृहस्थाच्या हातात दिसते. त्यानं पाहिलं तेही खरंच: आपण प्रेमानं दिलेली वस्तू रेवतीनं भलत्याला दिली. तीन माणसं, तीन पुरावे, सगळे अस्सल, आणि निष्कर्ष तेवढे खोटे. प्रेक्षक एकटाच असा की ज्यानं सगळं पाहिलंय. म्हणून तो हसतो. त्यानं एक जरी गोष्ट पाहायची राहिली, तर तोही पात्रांसारखाच गोंधळतो आणि हशा जातो.

माझी फसलेली खेप ती हीच. एका तालुक्याच्या गावी प्रयोग होता. रंगमंच अरुंद, म्हणून आम्ही खिडकीचा पट एका बाजूला इतका आत सरकवला की डावीकडच्या निम्म्या लोकांना खिडकीतली कृत्तिका दिसलीच नाही. पुढचा अख्खा अंक डावी बाजू गप्प आणि उजवी खदखदतेय! मध्यंतरात एक आजोबा आत आले आणि म्हणाले, "त्या बाईला एवढं चिडायला झालं तरी काय?" तिला काय झालं ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून नेपथ्य लावताना मी स्वतः पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर बसून खिडकी बघतो. मगच खिळे मारायचे.

तसबिरीचंही तसंच. आमच्याकडं एका हौशी कलावंतानं हौसेनं खिशात मावेल अशी नाजूक तसबीर करून आणली होती. सुरेख काम. पण पाचव्या रांगेपासून मागं ती विड्याच्या पानाएवढीही दिसेना. शेवटच्या रांगेला चौकट कळली पाहिजे, आणि तरी पदराआड लपली पाहिजे. तळहाताहून थोडी मोठी, कडा सोनेरी, प्रकाशात चमकते.

पण यंत्र परकंच होतं. देवलांचं स्वतःचं काय? तर तीन गोष्टी, आणि माझ्या मते त्या तीन गोष्टींनीच हे नाटक जगलं.

पहिली, नावं. पुरुष महिन्यांचे: फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, आणि भाद्रपदाचा भादव्या. बायका नक्षत्रांच्या: कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. वरवर पाहता गंमत. पण पंचांग उघडून बसा. अश्विनी हे पहिलं नक्षत्र आणि रेवती शेवटचं, म्हणजे चक्रात ती एकमेकांना लागून. अश्विनशेट आणि रेवती शेजारी शेजारी. आणि कृत्तिका? ती तर कार्तिकाची! पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकेपाशी असतो तो महिना कार्तिक. फाल्गुनरावाच्या घरी दुसऱ्याच महिन्याचं नक्षत्र नांदतंय. बिचाऱ्यानं संशय नाही घ्यायचा तर काय करायचं? देवलांनी हे ठरवून केलं असा दावा मी करत नाही, पण तालमीत हे सांगितलं की फाल्गुनराव करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते पुढं भूमिकेत उपयोगी पडतं. शिवाय नावांमुळं कोण पुण्याचा, कोण कोकणचा, कोणत्या जातीचा, हा प्रश्नच गळून पडतो. 1893 मध्ये एखाद्या संशयी नवऱ्याला ओळखीचं आडनाव दिलं असतं तर हसण्याऐवजी बोटं दाखवणं सुरू झालं असतं.

दुसरी गोष्ट रेवती. मर्फीच्या नाटकात बेलिंडा ही चांगल्या घरची मुलगी. ती प्रियकराला भेटू शकते, त्याच्याशी भांडू शकते, त्याच्याकडून वस्तू घेऊ शकते. हे जसंच्या तसं आणायचं म्हटलं तर अडचण. त्या काळच्या मराठी घरात मुलीचं लग्न तिला प्रेम कळायच्या आधीच उरकलेलं असायचं. संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय वाढवणारा, कायदाच मुळी 1891 चा. लग्नाआधी प्रियकराची तसबीर जवळ बाळगणारी कुलीन तरुणी तेव्हाच्या प्रेक्षकाला पटणारच नव्हती. म्हणून देवलांनी तिला नायकिणीच्या घरातली केली. मोकळेपणानं वावरणारी, गाणारी, पण मनानं एकाच पुरुषाची. 'मृच्छकटिक' त्यांनी आधीच मराठीत आणलेलं होतं. त्यातली गणिका वसंतसेना त्यांच्या हाताखालून गेली होती. रेवती तिची धाकटी बहीण वाटते ती उगाच नाही.

यानं मजा अशी झाली की एका व्यवहारी सोयीतून नाटकाला खोली मिळाली. अश्विनशेटचा संशय आता फक्त तसबिरीवर उभा नाही. 'शेवटी नायकिणीचीच मुलगी' हा समाजाचा संशयही त्याच्या डोक्यात आयताच बसलेला आहे. या नाटकातल्या एका पदाचा मुखडाच 'ही बहु चपल वारांगना' असा आहे, यावरून काय ते समजा. त्याच सुमाराला मद्रासकडं नाचाच्या बैठकांवर बहिष्कार टाकण्याची चळवळ जोर धरत होती; सुधारकांच्या लेखी नाचगाणं करणारी बाई म्हणजे समाजाला लागलेली कीड. आणि इकडं देवल हसत हसत दाखवतात की साऱ्या मंडळींत एकनिष्ठ राहिली ती हीच. तुमच्या संचात कुणी म्हणालं असेल की 'आता हे नायकीण वगैरे काढून तिला गायिका करू या', तर ऐकू नका. मी एकदा केलंय ते. अश्विनशेट मग नुसता मूर्ख दिसतो. त्याच्या संशयाला जो एक घाणेरडा आधार आहे तो काढून घेतला की त्याला माफी मागण्यासारखं काही उरतच नाही.

तिसरी गोष्ट कृत्तिका. दोघंही एकाच मापाचे संशयी ही कल्पना मर्फीची, पण तिचं बोलणं अस्सल मराठी माजघरातलं आहे. नवऱ्याचा मार खाऊन कोपऱ्यात रडणारी बायको त्या काळच्या नाटकांत मिळेल. नवऱ्यावर पाळत ठेवणारी, पुरावा गोळा करणारी, त्याच्या तोंडावर उलटतपासणी घेणारी बायको विरळा. हल्ली नट्या ही भूमिका कर्कश करतात, आवाज चढवून. तसं करू नका. कृत्तिका स्वतःच्या मते अत्यंत शांत, समंजस बाई आहे आणि परिस्थितीनंच तिला असं बनवलंय. फाल्गुनरावाचंही तेच. तो स्वतःला संशयी समजत नाही, सावध समजतो. या दोघांना 'आपण विनोदी आहोत' हे ठाऊक झालं की नाटक तिथंच मेलं.

भादव्याबद्दल दोन शब्द. नोकराची भूमिका म्हणून ती नवख्या पोराला द्यायची पद्धत आहे. मलाही तशीच मिळाली होती. चूक आहे. निरोप, बातम्या, अर्धवट ऐकलेलं, चुकीच्या वेळी तोंडातून निघालेलं, हे सगळं त्याच्यातून वाहतं. संचातला सर्वांत पक्क्या टायमिंगचा नट तिथं टाका.

आता 1916. देवलांनी आपल्याच जुन्या गद्य नाटकात पदं घालून ते गंधर्व नाटक मंडळीसाठी नव्यानं उभं केलं. ही मंडळी 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी काढलेली. बालगंधर्वांना भूमिकांचं शिक्षण देवलांनीच दिलेलं, त्यामुळं कुणाच्या गळ्यासाठी आणि कुणाच्या चालण्याबोलण्यासाठी आपण लिहितोय हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. दुर्दैव असं की नाटक लोकांसमोर आलं ते ऑक्टोबर 1916 मध्ये आणि देवल गेले त्याच वर्षीच्या जूनमध्ये. हे सगळे हशे, या सगळ्या टाळ्या त्यांनी ऐकल्या नाहीत.

रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव बोडसांचा. बोडसांच्या फाल्गुनरावाचं नाव आमच्या पिढीपर्यंत ऐकीव पोचलंय, आणि ऐकीव असूनही ते प्रत्येक नव्या फाल्गुनरावाच्या मानगुटीवर बसलेलं असतं. याच बोडसांनी तीन वर्षांनी 'एकच प्याला'त सुधाकर केला. संशयानं पछाडलेला एक नवरा आणि दारूनं पछाडलेला दुसरा. एकावर लोक हसले, दुसऱ्यावर रडले. मला वाटतं दोन्हींची जात एकच होती: माणूस पूर्ण गंभीरपणे स्वतःचा घात करून घेतोय. फाल्गुनराव करणाऱ्या नटाला मी नेहमी सांगतो, तू सुधाकर करतोयस असं समज आणि प्रेक्षकांना हसायचं तर हसू दे.

पदांनी काय केलं? पहिलं म्हणजे नाटकाचं केंद्र सरकलं. गद्य नाटकाच्या नावात फाल्गुनराव होता. संगीतात रेवती आणि अश्विनशेट यांचा भाव वधारला, कारण गाणं त्यांच्याकडं. 'सुकांत चंद्रानना पातली', 'मृगनयना रसिक मोहिनी', 'कर हा करी धरिला शुभांगी', 'धन्य आनंददिन', 'मजवरी तयाचे प्रेम खरे'. नाटक कधी न पाहिलेल्या माणसालाही यातली दोन तरी पदं ऐकून माहीत असतात. मैफलीत, रेडिओवर, गणपतीच्या मांडवात, गाण्याच्या क्लासात. कथानकाशी त्यांचं नातं तिथं तुटलेलं असतं आणि कुणाची काही तक्रार नसते. फाल्गुनरावाचं नाव ठाऊक नसलेली माणसं 'मृगनयना'ला डोळे मिटून मान डोलावतात.

दुसरं, वेग गेला. एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर, आलापीला मर्यादा नाही, प्रयोग पहाटेपर्यंत. त्या काळच्या प्रेक्षकाला ते हवंच होतं. तो घड्याळ घरी ठेवून यायचा. पण त्या वेळचा वेग आज तसाच उचलला तर तसबिरीचा घोटाळा आलापीच्या ढिगाखाली गाडला जातो. मुख्य प्रश्न काय होता, तसबीर कुणाकडं होती, हेच लोक विसरतात.

म्हणून कात्रीचा माझा नियम. पात्र धावायला निघालंय तिथं पद नको. पात्र अडलंय तिथं पद हवं. फाल्गुनराव तावातावानं कुणाच्या तरी घरी निघालाय आणि मध्ये कुणी गाऊ लागलं तर प्रेक्षक घड्याळ बघतो. पण रेवती एकटी आहे, अश्विनशेट का रुसला हे तिला ठाऊक नाही, पुढं काय करावं सुचत नाही, तिथं गाणं स्वाभाविक आहे. कारण तिथं नाटक तसंही थांबलेलंच आहे. 'मजवरी तयाचे प्रेम खरे' घ्या. प्रियकराचं प्रेम अढळ आहे असं ती सांगतेय, आणि त्याच वेळी तो तिच्यावर काय काय आळ घेऊन बसलाय हे प्रेक्षकाला माहीत. हे पद कापलं तर नाटकाचं काळीजच कापलं. उलट नुसत्या वर्णनाची, दुसऱ्यांदा तेच सांगणारी पदं मुखडा आणि एक अंतरा एवढ्यावर थांबवा. आलापी तीन-चार आवर्तनांच्या पुढं नको, आणि वन्समोअर मिळाला तरी घेऊ नका. अश्विनशेट करणारा रुसेल. रुसू द्या, ते भूमिकेला धरूनच आहे.

गद्य मात्र शक्यतो कापू नका. लोक उलट करतात: गाणी ठेवतात आणि संवाद छाटतात, कारण तिकीट गाण्यावर खपतं. मग तसबीर कुणाकडून कुणाकडं गेली त्याचे दुवे निखळतात. संवाद कापायचेच झाले तर स्वगतांतली पुनरुक्ती काढा. फाल्गुनराव तीच शंका तीनदा घोळवतो; दोनदा पुरे. तिसरी वेळ मात्र हशासाठी असेल तर ठेवा, आणि ते कागदावर कळत नाही, उभं राहूनच कळतं.

वारशाचं विचाराल तर पहिला वारसा शब्दाचा. 'संशयकल्लोळ' हा आज नुसता नाटकाचा मथळा राहिलेला नाही. दोन पक्षांत बिनसलं, क्रिकेट संघात कुरबूर झाली, एखाद्या खात्याची फाइल हरवली, की वर्तमानपत्राचा मथळा तयारच असतो. त्या उपसंपादकानं नाटक पाहिलेलं असेलच असं नाही. शब्द भाषेत मुरला की लेखकाचं नाव गळतं. 2013 मध्ये एका मराठी सिनेमानंही हेच नाव घेतलं होतं.

दुसरा वारसा जरा वादाचा आहे, माझं मत म्हणून घ्या. पुढं बबन प्रभूंनी जे मराठी फार्स लिहिले, दारामागं लपणं, चुकीच्या माणसाला चुकीच्या वेळी पाहणं, खोटं निस्तरताना आणखी गुंतणं, त्यांचं मूळ लोक इंग्रजी-फ्रेंच फार्समध्ये शोधतात. शोधावंच. पण ते पचवणारा प्रेक्षक कुणी घडवला होता? देवलांच्या आधीही पौराणिक खेळानंतर फार्स दाखवायची पद्धत होती, पण ते फार्स म्हणजे सोंगं आणि धांगडधिंगा. कुणाला काय ठाऊक आहे आणि कुणाला काय नाही, एवढ्याच हिशेबावर अख्खं नाटक तोलून धरायची सवय देवलांनी लावली.

गोव्याचा उल्लेख केल्याशिवाय हे संपवता येणार नाही. तिथं देवळाच्या जत्रेला रात्री संगीत नाटक ही अजून जिवंत गोष्ट आहे, आणि वाड्यावरची हौशी मंडळी 'संशयकल्लोळ' पाठांतरानं करतात, प्रॉम्प्टर नावाला. एका जत्रेत पाहुणा फाल्गुनराव म्हणून मला बोलावलं होतं. ऐन प्रवेशात तसबीर सापडेना! विंगेत शोधाशोध, आणि मी रिकाम्या हातानं बाहेर. कृत्तिका करणाऱ्या माणसानं क्षणाचाही विचार न करता केळीच्या पानाचा एक तुकडा छातीशी धरून न्याहाळायला सुरुवात केली. समोरच्या म्हाताऱ्या बायकांपासून पोरांपर्यंत एकालाही शंका आली नाही; त्यांना तो अश्विनशेटच दिसला. इतकं ते नाटक त्यांचं झालेलं आहे.

अलीकडं प्रशांत दामले फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे अश्विनशेट अशा संचात हे नाटक पुन्हा व्यावसायिक रंगभूमीवर आलं, संपादित करून. तरुण प्रेक्षक आले आणि हसले. त्यामुळं 'आता कोण बघणार' ही तुमच्या कार्यकारिणीतल्या मंडळींची शंका निराधार आहे असं त्यांना माझ्या नावानं सांगा.

शेवटच्या बोधपदाचं काय करायचं हेही तुम्ही विचारलंय. 'हृदयी धरा हा बोध खरा' कापावं, उपदेश वाटतो, असं तुमच्या संगीत संयोजकाचं म्हणणं. मी ठेवीन. त्यात संशयाला 'खट झोटिंग' म्हटलंय. झोटिंग म्हणजे मानगुटीवर बसणारं भूत. थोरामोठ्या उपदेशाच्या पदात एकदम गावकुसाबाहेरचा शब्द. तो ऐकताना फाल्गुनरावानं सावकाश मान वळवून कृत्तिकेकडं बघायचं आणि तिनं त्याच्याकडं. हे भूत आपल्याला नाही, समोरच्याला लागलंय, अशी दोघांचीही खात्री. एवढं केलंत तर उपदेश उरत नाही आणि पडदा हशावर पडतो.

तालमीचं म्हणाल तर पहिले दहा दिवस पेटीवाल्याला बोलावू नका. नाटक गद्यात उभं करा, 1893 चं. पदांच्या जागी नटानं फक्त पहिली ओळ म्हणून पुढं जायचं. यंत्र बिनआवाज चालू लागलं की मग 1916 आत घ्या. खिडकी दोन्ही टोकांवरून तपासा. आणि तसबिरी दोन करून ठेवा. एक तुमच्या स्वतःच्या खिशात.